मुलीएवढा भोपळा

मुलगी बघायला मी साताऱ्याकडच्या एका गावी गेलो होतो. तिथे समुद्र म्हणजे शाळेतल्या नकाशाच्या डाव्या अंगाचा निळा रंग, तेवढाच. ते बघून माझी जीभ सुटली. "आमचं गाव हर्णैजवळ," मी भावी सासऱ्यांना म्हणालो. "आम्ही दर्यावर्दी माणसं. आगबोटीत बसणं म्हणजे आम्हाला टांग्यात बसण्यासारखं." दाराआडून कुणीतरी हे मन लावून ऐकत होतं, हे मला लग्नानंतर कळलं.

खरी गोष्ट अशी, की मला समुद्राची भीती वाटते. साधीसुधी नव्हे. अंधेरीत राहून मी वर्सोव्याच्या वाळूवर जात असे तो ओहोटीची वेळ विचारून.

याला कारण आहे. हर्णैला धक्का नव्हता. आगबोट खोल पाण्यात उभी राही, किनाऱ्याकडून पडाव, म्हणजे उघड्या होड्या, येत, आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या, सगळ्यांना बोटीच्या बाजूच्या दारातून खाली पडावात उतरावं लागे. मोठी माणसं लाट बघून पाऊल टाकत. लहान मुलांना देत. देत म्हणजे वरचा माणूस, बाप नाहीतर खलाशी, खालच्या खलाशाच्या हातात देई, नारळ द्यावा तसा. चार वर्षांचा असताना मला असाच दिला होता. बोट आणि पडाव यांच्यामधली फट उघडली, खाली हिरवंकाळं पाणी दिसलं, फट मिटली, आणि 'धप्प' आवाज झाला. मी त्या वेळी हवेत होतो. पुढे मोठेपणी गावी जायचं झालं की मी काही ना काही सबब काढून मोटारीनं घाटातून जाई, आणि मुंबईत येऊन समुद्राच्या गप्पा मारी.

मुलगी अकरा महिन्यांची झाली आणि आईचं पत्र आलं. शेजाऱ्याकडून लिहून घेतलेलं. 'डोळ्यांत मोती पिकतो आहे. डावा गेला, उजव्यानं अजून माणूस ओळखू येतं. दिसतंय तोवर नातीचं तोंड दाखव.'

बायकोनं पत्र दोनदा वाचलं. म्हणाली, "मे महिन्याच्या सुट्टीत जाऊ. बोटीनं."

"एस.टी.नं जाऊ या की," मी म्हणालो. "बोटीचा भरवसा नाही. मुंबईच्या तोंडाशी बोट बुडाली, त्याला दहा वर्षंसुद्धा झाली नाहीत."

"एस.टी.त पोर अर्ध्या तासात ओकते. दोन दिवस धूळ खात नेणार होय तिला? आणि तुम्हाला बोट म्हणजे टांगा ना?"

यावर बोलायला मला जागा नव्हती. ती मीच तीन वर्षांपूर्वी बुजवून ठेवली होती.

मी शाळेत चित्रकला शिकवत असे. भीती कागदावर उतरवली की आटोक्यात येते, असा माझा समज होता. म्हणून जाड कागद घेतला आणि शाईनं आगबोट काढली, तिचं दार काढलं, खाली पडाव काढला. मग लाल पेन्सिलीनं बाण. पहिला बाण बायकोचा, ती आधी उतरणार. दुसरा मुलीचा. तिसरा ट्रंक आणि वळकटीचा. मधली फटही काढली. फट फार छान वठली. इतकी, की तो कागद मला दोन दिवस पालथा घालून ठेवावा लागला.

आमचा घरमालक मरोळच्या बाजूच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतला म्हातारा. त्याची उभी हयात विलायतेच्या बोटींवर भटारखान्यात गेलेली. मी कागद त्याला दाखवला. त्यानं तो लांब धरून बघितला, बोटानं बाण मोजले.

"तीनच बान, मास्तर?"

"तीनच."

"बरं," म्हणाला आणि बिडी पेटवत हसला. "चित्र झ्याक हाय. पन पोर कागदावर नाय उतरत. तालीम कर. यात दोनच कामं. खालचा धरतो, वरचा सोडतो. धरनारा नाय चुकत, त्याचं पोट हाय त्याच्यावर. चुकतो तो सोडनारा. भ्याला का बोटं आवळतो."

तालमीला मुलीच्या वजनाचं काहीतरी हवं होतं. मी मुलीला कडेवर घेऊन भाजीवालीकडे गेलो. एका हातात मुलगी, दुसऱ्या हातात लाल भोपळा, असे एकामागून एक सहा भोपळे तोलून बघितले.

"मास्तर, करताय काय?" भाजीवाली म्हणाली.

"हिच्याएवढा पाहिजे."

"अगो बाय!" ती ओरडली. "लेकराला भोपळ्याशी तोलतो! दृष्ट काढा हो तिची, घरी जाऊन आधी दृष्ट काढा!"

सातवा बरोब्बर जमला. घरी आणून मुलीच्या पिवळ्या फुलांच्या दुपट्यात गुंडाळला. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं. पण चित्रकलेच्या मास्तराला कोरा भोपळा बघवत नाही. मी कोळशानं त्याला डोळे काढले, नाक काढलं, आणि गालावर तीट लावली. नाक तर हुबेहूब आलं.

रविवारी सकाळी तालीम ठरली. घराचा ओटा म्हणजे आगबोट. म्हाताऱ्याची बैलगाडी, बैल सोडून, ओट्यापासून हातभर अंतरावर उभी केली, तो पडाव. म्हातारा गाडीत उभा, तो खालचा खलाशी. बायकोनं गाडीचं जू धरलं. ती लाट. मुलगी ओट्याच्या कोपऱ्यात वाटी वाजवत बसली होती.

"धर!" "धरला." "सोड!" "सोडला."

नऊ वेळा भोपळा सुखरूप पडावात गेला. माझ्या अंगात वारं भरलं. म्हटलं, हे तर सोपं आहे.

"आता खरी लाट," म्हातारा म्हणाला. "सूनबाई, हलव जोरात."

आमच्या हिला शेतावरची सवय. तिनं जू असं काही खालीवर केलं, की गाडीचं साटं, म्हणजे माणसं बसायची चौकट, ओट्यावर येऊन आपटायचं आणि परत लांब जायचं. धप्प. तोच आवाज. मी खाली बघितलं. फट उघडली. खाली नुसती फरशी होती, घरच्या अंगणातली, रोज सकाळी धुतलेली. पण मला ती हिरवीकाळी दिसली.

"सोड!" म्हातारा ओरडला.

माझी बोटं सुटेनात.

"सोड रं मास्तर! सोड!"

त्यानं ओढला. मी ओढला. मग दोघांनीही, दुसऱ्यानं धरलाय असं समजून, एकदमच सोडला.

फार मोठा आवाज झाला नाही. दुपटं उलगडलं आणि भोपळ्याची दोन भकलं झाली. एका भकलावर एक डोळा आणि गालावरची तीट होती. तो डोळा सरळ वर, माझ्याकडे बघत होता.

म्हाताऱ्यानं कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूस केला. मुलगी वाटी टाकून रांगत आली आणि ओट्याच्या कडेवरून बियांकडे बघून हसायला लागली. बायकोनं धावत येऊन तिला आधी उचललं. मग खाली वाकून दुपटं उचललं, झटकलं, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "अहो, तुम्हाला भीती वाटते?"

"छे! ओटा निसरडा होता."

"ओटा परवा सारवलाय. ठणठणीत कोरडा आहे."

ती आत गेली. थोड्या वेळानं किसणीचा आवाज यायला लागला. त्या भोपळ्याचे घारगे झाले. घारगे टिकतात, प्रवासाला उपयोगी पडतील म्हणून तिनं डबा भरला, आणि एक ताटलीत घालून माझ्यापुढे ठेवला. मला गिळवला नाही. मला चावताना सारखी तीट आठवत होती.

त्यानंतरचे आठ दिवस मी वाईट काढले. शाळेत फळ्यावर बरणी काढायला जावं, तर तिला नाक येई. घरी मुलीला पाळण्यात ठेवताना बोटं आवळली जात. ती रडे, तेव्हा ध्यानात येई. लोकांना बोट लागते म्हणून लिंबं, सुंठ, आवळकाठी, सगळं जमवलं, आणि प्रत्येक पुडी बांधताना वाटे, की हे आपण कशासाठी बांधतोय? ओकारी थांबवायला औषध आहे. त्या फटीला काय आहे?

शेवटी एक दिवस बाहेर फेरी मारून आलो आणि पडेल चेहऱ्यानं म्हणालो, "बोटीची तिकिटं संपली गं. पंधरा दिवस मिळायची नाहीत."

"मिळाली," बायको म्हणाली आणि फडताळावरच्या डब्याखालून तिकिटं काढून दाखवली. "बाबांनी ओळखीतून आणून दिली. सकाळीच."

बाबा म्हणजे घरमालक म्हातारा. तो खिडकीबाहेर बिडी ओढत होता. बहुधा ऐकत होता.

मग ती माझ्याजवळ बसली. आवाज खाली आणून म्हणाली, "असं करू या का? तुम्ही आधी उतरा. मी वर थांबते, पोरीला मी देते. मला नाही भीती वाटत."

माझ्या जन्मात मला मिळालेली ती सर्वांत चांगली सूचना. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "वेडी आहेस? पुरुषमाणूस शेवटी उतरतो. रीत असते ती दर्यावरची."

भाऊच्या धक्क्यावरून बोट सकाळी सुटली. डेकवर सतरंजी टाकून आम्ही बसलो. तासाभरात आजूबाजूची माणसं आडवी झाली, लिंबं हुंगू लागली. साताऱ्याची ही बाई मात्र कठड्याशी उभी राहून घारगे खात होती. "अहो, किती पाणी आहे हो!" असं दर दहा मिनिटांनी सांगत होती. मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती. मी डोळे मिटून 'सोड, सोड' घोकत होतो. शेजारच्या म्हातारीला वाटलं, जप चाललाय. तिनं मला नमस्कार केला.

दुपारी भोंगा झाला. हर्णै. वारा सुटला होता. बाजूचं दार उघडलं आणि मी माझं चित्र बघितलं. तंतोतंत. फक्त माझ्या चित्रातलं पाणी हलत नव्हतं.

बायकोनं पदर खोचला. एक लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली, आणि उसाच्या रानातला पाट ओलांडावा तशी पलीकडे गेली. वळून तिनं हात पुढे केले. तिच्यापुढे पडावातला दाढीवाला खलाशी पाय फाकवून उभा होता.

"आण!"

मी मुलीला पुढे केलं. त्यानं तिच्या काखेत हात घातले. फट उघडली.

"सोड!"

बोटं आवळली. मला कळत होतं, की आवळली आहेत. मुलीनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. तोंड रडवेलं झालं. गालावर सकाळी लावलेली तीट.

"अरे सोड ना, बाबा! हात तुटतील पोरीचे!"

तेवढ्यात खालून बायकोचा आवाज आला. ओरडून नाही, मीठ द्या म्हणावं इतक्या साधेपणानं. "अहो. सोडा आता."

मी सोडलं.

ती क्षणभर कुणाचीच नव्हती, असं मला वाटलं. खलाशी म्हणेल, 'ती पूर्ण वेळ माझ्या हातात होती.' त्यानं तिला आईच्या कुशीत दिलं तेव्हा तिनं त्याची दाढी मुठीत धरली होती, आणि तो "आये, आये" करत हसत होता. मागोमाग ट्रंक गेली. वळकटी गेली. तिन्ही बाण पुरे झाले.

"चल भाऊ, तू चल!"

आणि तेव्हा मला कळलं, म्हातारा कशाला हसला होता. चित्रात चौथा बाण नव्हता. मुलीची तालीम केली, ट्रंकेचा विचार केला. मी स्वतः कसा उतरणार, हे मी कुठेच काढलं नव्हतं. लाट आली, गेली. आणखी एक आली. पाय हलेनात. माझ्या बाजूनं माणसं उतरत होती. मला नमस्कार करणारी ती म्हातारी बोचकं डोक्यावर घेऊन उतरली.

वरचा खलाशी कावला. "उतरतोस, का दाभोळला जातोस?"

त्यानं टोमणा मारला होता. मला तो पर्याय वाटला.

"दाभोळ," मी म्हणालो.

पडाव सुटला. बायको त्यात उभी राहिली, काहीतरी ओरडली, ते वाऱ्यानं माझ्यापर्यंत येऊ दिलं नाही. मग ती लहान लहान होत गेली. माझ्या हातात घारग्यांचा डबा होता.

दाभोळला बोट खाडीच्या तोंडाशी आत येते, पाणी संथ. तिथेही मला दोघांनी काखेत धरून उतरवलं. दुसऱ्या दिवशी एस.टी. आणि उरलेली वाट पायी, असा दुपारी घरी पोचलो. आई पडवीत बसली होती. मांडीवर मुलगी. आईनं तिचं तोंड उजव्या डोळ्याजवळ, अगदी वीतभर अंतरावर धरलं होतं आणि तिच्या नाकावरून बोट फिरवत होती.

"नाक तुझं आहे रे," आई म्हणाली. "स्पष्ट दिसतंय मला. आणि काय रे, सूनबाई सांगत होती, कुणा म्हातारीला उतरवायला म्हणून तू मागे राहिलास नि बोट सुटली. उतरली का ती म्हातारी नीट?"

मी बायकोकडे बघितलं. ती तांदूळ निवडत होती. वर बघायला तयार नव्हती.

"उतरली," मी म्हणालो. "दाभोळला."

बायकोचे खांदे हलायला लागले. थोड्या वेळानं तिनं सूप खाली ठेवलं आणि वर, आढ्याला टांगून ठेवलेल्या भोपळ्यांकडे बघितलं.

"आई," ती म्हणाली, "परत जाताना पडावातून वर बोटीत चढायचं असतं ना? मग यांतला एक भोपळा बाजूला काढून ठेवा. तालमीला लागेल. यांच्याएवढा."

मी आढ्याकडे बघितलं. तेवढा एक होता.