रिकाम्या गोदामाची रेंज

त्याचं नाव मी विचारलं नाही. त्यानंही माझं विचारलं नाही. फक्त माझ्या मोबाइलचं मॉडेल विचारलं.

मुरुम गावात आमचं आडतीचं गोदाम आहे. पोत्यांची नोंद जागेवरच मोबाइलवर व्हावी, म्हणून आत सगळीकडं वायफाय बसवायचं थोरल्या काकांनी ठरवलं आणि हा सल्लागार पुण्याहून आला. ऐन उन्हाळ्यात, गोदाम रिकामं असताना. वायफाय बसवून झाल्यावर मोबाइल आरतीच्या ताटासारखा दोन्ही हातांत धरून तो कोपऱ्याकोपऱ्यात फिरला आणि प्रत्येक कोपऱ्याला "एक्सलंट" म्हणाला.

दिवाळीच्या सुमारास सोयाबीन आलं. छताच्या पत्र्यापर्यंत पोत्यांच्या थप्प्या लागल्या आणि वायफाय दारातच अडलं. त्याला पुन्हा बोलावलं. न बोलावता आलेल्या पाहुण्यांकडं पाहावं, तसं त्यानं पोत्यांकडं पाहिलं.

"नेटवर्कमध्ये काहीच दोष नाही," तो शांतपणे म्हणाला. "मध्ये माल येतोय."

"मग माल कुठं ठिवावा, साहेब?" काका म्हणाले. "हे गोदाम हाय, मंगल कार्यालय न्हाय."

त्यानं समजूतदारपणे मान डोलावली. मला त्याचा राग येईना. इतकी खात्री मला आयुष्यात कशाचीच वाटलेली नाही.

निघण्याआधी त्याला आमच्याच वायफायवरून आपल्या साहेबांना व्हिडिओ कॉल करायचा होता. खाली तो लागेना. हमालानं बजावलं म्हणून बूट काढून तो थप्पीवर चढला, मोबाइल पत्र्याला टेकवला आणि खालून आम्ही सगळे बघत असताना ओरडला, "सर, मुरुमचं काम झालं! आता कुठंच अडचण नाही!"