पट्टी कापल्यावर

बाबांची जुनी गाडी सायखेड्याला काकांच्या शेडमध्ये कित्येक वर्षं उभी होती. एका पुरात गोदावरीचं पाणी शेडमध्ये शिरलं आणि गाडी खालून गंजत गेली. बाबा कारखान्यातून निवृत्त झाल्यावर आम्ही ती टेम्पोत घालून गंगापूर रोडच्या घरी आणली. उतरवताना मागच्या सीटखालचा पत्रा पापडासारखा मोडून खाली पडला. आई म्हणाली, "भंगारात द्यायची ती दारात आणलीत."

बाबांना गाडी होती तशीच करायची होती. मला नवे ब्रेक हवे होते, सीटबेल्ट हवे होते. त्यावरून आमचे खटके उडायचे. तरी रविवार आला की दोघंही जुने कपडे घालून पार्किंगमध्ये. पेट्रोलची टाकी आम्ही सगळ्यात आधी काढून लांब ठेवली. दारांची आतली हँडलं आणि काच फिरवायचे दांडेही रंगकामासाठी काढले. मागची दारं तर गंजून कधीच बंद झाली होती.

त्या दुपारी बाबांनी दोन्ही बाजूंच्या, दाराखालच्या सडलेल्या पट्ट्या कापून काढल्या होत्या. नवा पत्रा बसवायचा होता. बाबा बाहेरून वेल्डिंग करणार आणि मी आत बसून ठिणगी पडेल तिथे ओलं गोणपाट दाबणार, असं ठरलं. दार लावूनच पट्टी सरळ बसते म्हणून त्यांनी पुढचं दार बाहेरून रेटून लावलं. पट्ट्या कापल्यामुळे गाडी मधोमध खचली होती आणि दारं चौकटीत आवळली गेली होती, हे दोघांनाही कळलं नाही.

थोड्या वेळाने डॅशबोर्डच्या मागून धुराची एक रेघ आली. आवाज दबावा म्हणून तिथे जुना लोकरीचा नमदा चिकटवलेला होता, तो पेटला होता. गोणपाट घेऊन हात घातला, पण तिथवर पोचेना. धूर काळा झाला. मी दाराला खांदा दिला. दार हललंसुद्धा नाही. दुसऱ्या दाराचंही तेच. मी काचेवर मुठी आपटायला लागले. बाबांच्या तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा होता, त्या तडतडाटात त्यांना माझी हाक ऐकूच जाईना.

आईने पोर्चमधून पाहिलं. तिने धावत जाऊन मेन स्विच पाडला. वेल्डिंग बंद पडलं तशी बाबांनी मान वर केली.

"खाली वाक! तोंड जमिनीला लाव!" ते ओरडले. त्यांनी दोन्ही हातांनी दार ओढलं, पाय लावून ओढलं. मग एकदम सोडलं आणि दिसेनासे झाले. ते मला सोडून कुठे गेले, तेच कळेना. श्वास घेतला की छातीत जाळ होत होता. तेवढ्यात गाडी खालून करकरली. बाबांनी मधोमध जॅक लावला होता. गाडी इंच-इंच वर उचलली गेली, चौकट सैल पडली आणि दार उघडलं. त्यांनी मला दंडाला धरून फरशीवर ओढून काढलं. आईने पाइपने आत पाणी मारलं.

मला खोकला आणि हातावर थोडं भाजलं, यापलीकडे काही झालं नाही. पण दवाखान्यातून येताना बाबा "उद्या भंगारवाल्याला बोलावतो," एवढंच म्हणाले.

त्यांनी बोलावलं नाही, पण खाली गाडीकडेही उतरले नाहीत. जेवताना माझ्या हाताच्या पट्टीकडे बघायचे आणि ताट सारायचे. मी विषय काढला की उठून जायचे. शेवटी आईच वैतागली. "ही अशी अर्धवट उभी राहिली, तर येता-जाता मला तेच दिसेल. पुरी करा नाहीतर घालवा."

आम्ही पुरी केली. आधी सगळी दारं काढून ठेवली, आतून लोखंडी अँगलचा आधार दिला आणि सगळा नमदा खरवडून काढला. वेल्डिंग चालू असताना बाबांनी मला पुन्हा आत बसू दिलं नाही. सीटबेल्ट मात्र त्यांनीच आणले, बॅटरीचा प्रवाह तोडायचा स्विचही बसवला.

पहिल्यांदा गाडी घेऊन गावाकडे निघालो. सायखेड्याच्या अलीकडे धुराचा वास आला. बाबांनी करकचून ब्रेक दाबला. आम्ही दोघं रस्त्यावर उतरून बोनेट उघडून उभे.

"अहो, तिकडे उसाचं पाचट जाळतायत," मागच्या सीटवरून आई म्हणाली.

बाबांनी खात्री होईपर्यंत शेताकडे पाहिलं. मग किल्ली माझ्या हातात दिली. "तू चालव. मला नाय जमायचं आत्ता."

गावी पोचल्यावर काकांच्या ओट्यावर बसून बाबा दोन तांबे पाणी प्यायले. मग गाडीकडे बघत म्हणाले, "इगतपुरीला नेऊ एकदा. चढाला कशी ओढते, बघू."