त्यांचा उजवा, माझा डावा

पावसाळी हवेत प्लॅस्टरला एक वास येतो. ओल्या चुन्याचा, कुबट कापडाचा, आणि त्याखाली कोंडलेल्या आपल्याच कातडीचा. श्रावणातले ते दिवस आठवले की मला सरींचा नाद आठवत नाही, परसातली हिरवी गर्दी आठवत नाही. हा वास तेवढा आठवतो, आणि त्याच्यामागोमाग मन काळवंडून येतं.

पडले तीही किती क्षुल्लक रीतीने! मागच्या दारी जांभ्याची पायरी, तिच्यावर शेवाळ, हातात धुण्याची बादली. उजवा हात टेकला आणि मनगटात काहीतरी कटकन वाजलं. दापोलीच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं की बारीकसा तडा आहे, पाच आठवड्यांत भरून येईल, काळजीचं कारण नाही. त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण माझा उजवा हात एकट्या माझा कुठे होता? दोन वर्षांपूर्वी बाबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून त्यांना उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, भरवणं सारं त्याच हातावर चाललं होतं. घरात आम्ही दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली, मी लग्न केलं नाही, आणि माझा थोरला भाऊ मुंबईला.

संध्याकाळी दादाचा फोन आला. चिपळूणला वृद्धांची देखभाल करणारी एक जागा त्याने आधीच पाहून ठेवली होती. तो ‘आधीच’ मला मनगटापेक्षा जास्त ठणकला. तुझा हात बरा होईपर्यंत बाबांना तिथे ठेवू, पुढचं पुढे बघू, असं तो म्हणत होता. त्यात दुष्टावा नव्हता, माझी काळजीच होती. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला हायसं वाटलं, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही. एका हाताने धरवेना म्हणून फोन स्पीकरवर ठेवला होता. बाबांनी सगळं ऐकलं. उभं आयुष्य एसटी चालवलेला माणूस, मुळात अबोल, आजारानंतर तर जीभही जड झालेली. फोन ठेवल्यावर ते सावकाश म्हणाले, “एक हात तुझा आहे, एक माझा आहे. निघेल महिना.”

आणि निघाला. शेजारचे तात्या सकाळ-संध्याकाळ येऊन बाबांना उचलून खुर्चीत बसवत आणि परत निजवून जात. शाळेतून मी रजा घेतली होती, त्यामुळे मधला सबंध दिवस आमच्या दोन हातांचा. त्यांचा उजवा, माझा डावा. बरणी ते घट्ट धरत, झाकण मी फिरवायची. दुधाची पिशवी मी धरायची, कात्री ते चालवत. त्यांच्या सदऱ्याचं काज मी ताणलं की बटण ते सरकवत. केसांची अडचण मोठी होती. मी त्यांच्या खुर्चीपाशी पाठमोरी बसले. एक पेड मी मानेमागे धरून ठेवायची, उरलेले दोन ते एकमेकांवरून टाकायचे. पहिल्या दिवशीची वेणी कानामागून तिरकीच उतरली. आठवड्याने सरळ झाली. घाटातल्या वळणांवर ज्या हाताने वर्षानुवर्षं भरलेली गाडी सांभाळली, तो हात माझ्या केसांत इतका हळुवार फिरेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या दिवसांत बाबा पालटले. सकाळी तात्यांची वाट पाहू लागले, आज काय काय करायचंय ते विचारू लागले, आंजर्ल्याच्या गाडीतल्या जुन्या उतारूंच्या गोष्टी तुटक शब्दांत सांगू लागले. आणि मला आदली दोन वर्षं छळू लागली. मुलीने बापाची किती सेवा केली, असं लोक म्हणत. मीही मनातल्या मनात म्हणत असे. पण त्या सेवेच्या नावाखाली मी त्यांच्या हातातून एकेक काम काढून घेतलं होतं का? चमचासुद्धा मीच धरायची, कारण त्यांना वेळ लागे आणि मला शाळेत शिकवायला वेळेवर पोचायचं असे. त्यांचा उजवा हात शाबूत आहे, हे मला माझा मोडल्यावर उमगावं ना!

पाच आठवड्यांनी प्लॅस्टर निघालं. आतलं मनगट फिकट, कृश, परक्या माणसाचं असावं तसं. बाबांनी ते हातात घेऊन नीट पाहिलं आणि बरं झालं म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आरशापुढे उभी राहून वेणी घातली. सवयीने, काही विचार न करता. वळून बघते तर बाबा खुर्चीत बसलेले, मांडीवर फणी. त्यांनी ती हळूच खिडकीत ठेवून दिली. त्यानंतर आज काय करायचंय, असं त्यांनी विचारलं नाही. तात्यांचं येणंही थांबलं. बाबांना उचलायला मी होतेच. अवयव सांधण्याचं शास्त्र माणसाने किती पुढे नेलं, पण बऱ्या झालेल्या हाताने दुसऱ्याचं जे हिरावून नेलं, ते कोणी सांधायचं?

चार दिवसांनी मी मोड आलेल्या वालांचं ताट घेऊन त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, मनगट दुखतंय अजून, मला सोलवत नाहीत, तुम्ही सोलून द्याल का? त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि तडा होता तिथे अंगठ्याने दाबलं. कळ आल्याचं सोंग करायला हवं होतं. ते मला सुचलंच नाही.

“दुखत नाही तुला,” ते म्हणाले.

कौलांवरून पाणी गळत होतं. मग त्यांनी ताट आपल्या मांडीवर घेतलं आणि एकेक दाणा चिमटीत दाबून सालीबाहेर काढू लागले. मीही सोलू लागले, दोन्ही हातांनी. बिरडं सोलून होईपर्यंत आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.