फॅट सात

आमच्या दूध सोसायटीत फॅट तपासणारा माणूस स्वतः दुधाचा थेंब घेत नसे. चहा कोरा, भाकरीवर तूप नाही, ताक नाही, मधसुद्धा नाही. मी सोसायटीचा चेअरमन, वर माळकरी. "अंडं-मटण आमीबी खात न्हाई, पण दुधानं तुमचं काय घोडं मारलं?" असं मी त्याला रोज डिवचायचो. तो कॅनच्या कडेनं फडकं फिरवत एवढंच म्हणायचा, "वासराला इचारलं का?"

दुष्काळात जनावरं छावणीला गेली आणि आमचं संकलन बंद पडलं. वार्षिक सभेला गव्हाची खीर ठरलेली, पण दूध आणायचं कुठून? "मी करतो," तो म्हणाला. सगळे हसले.

सभेत पहिली वाटी माझ्या हातात आली. तीस वर्षं दूध चाखलेला माणूस मी. एक घोट घेतला आणि सगळ्यांसमोर निकाल देऊन टाकला, "म्हशीचं दूध हाय. फॅट सात!"

त्यानं चोथ्यानं भरलेलं फडकं वर धरलं.

"शेंगदाणं हायती, चेअरमन. औंदा कुनाच्याच वासराला इचारावं लागलं न्हाई."

सभा टाळ्यांनी दणाणली. मी रिकामी वाटी पुन्हा त्याच्यापुढं धरली.