सवारीचे सोमवार

आमचे हे, म्हणजे यशोधन, महाकालाच्या गावी फ्रीगंज भागातल्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रामर. लॉज आणि धर्मशाळांच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर सांभाळता सांभाळता यांचे केस पिकले. ते सॉफ्टवेअर म्हणजे माझी सवतच.

यंदा कंपनीने प्रोग्रामरना कोड लिहून देणारा एआय मदतनीस बाजारात आणायचं ठरवलं. त्याला या धंद्यातल्या खाचाखोचा शिकवायचं काम यांच्या गळ्यात पडलं. रोज घरी यायचे ते तोंड उतरवूनच. एकदा चहा घेताना म्हणाले, "विजया, हा नीट चालला तर माझी गरज उरणार नाही गं."

त्याला न शिकवलेली एकच गोष्ट यांच्यापाशी उरली होती. इथल्या लोकांचा श्रावण राखीला संपतो, आम्हा मराठी माणसांचा पुढच्या अमावास्येपर्यंत चालतो. महाकालाची सवारी, म्हणजे पालखीची मिरवणूक, मात्र आमचा श्रावण संपेपर्यंत दर सोमवारी निघते. ऑफिसातली नवी मुलं राखी झाली की सॉफ्टवेअरमधले गर्दीचे नियम बंद करून टाकायची. मग सोमवारी एकच खोली दोघांना दिली जायची आणि ऐन जेवणात यांचा फोन वाजायचा.

"हे त्याला सांगूच नका ना," मी म्हटलं. "एवढं तरी तुमच्यापाशी राहू द्या."

"अगं, लोकं लेकरंबाळं घेऊन येतात. बेकारमध्ये परेशान होतील."

आणि शिकवलंच त्याला. मला इतका राग आला की त्या दिवशी मी भाजीत मीठ घालायला विसरले. यांनी तसंच जेवून घेतलं.

मुहूर्त पाहून मदतनीस बाजारात आणायचा कार्यक्रम झाला. मालक माधवजींनी पाहुण्यांसमोर मदतनीसाला सवारीच्या गर्दीचा कोड लिहायला सांगितलं. त्याने राखीनंतरचे सोमवारही बरोबर धरले. टाळ्या झाल्या. मग यांच्या खांद्यावर हात ठेवून माधवजी म्हणाले, "भाईसाहब, बहुत कर लिया आपने. अब आराम करो."

हे घरी येऊन बुटांसकट खुर्चीत बसले.

"चुकला का तो?" मी आशेने विचारलं.

"नाही गं. एकदम बरोबर लिहिलंन." आवाजात चक्क कौतुक होतं. अशा माणसावर रागवायचं तरी कसं? मी खाली बसून बुटाच्या नाड्या सोडल्या. मला रडू येत होतं.

राखी होऊन गेली. सोमवार आला. सवारीची गर्दी नेहमीसारखीच होती. संध्याकाळी उपास सोडायला आम्ही दोघं पानावर बसलो. जेवताना तो फोन लांब ठेवा म्हणून मी वर्षानुवर्षं कटकट केली. त्या दिवशी मीच उठले आणि तो यांच्या ताटाशेजारी आणून ठेवला.

आमचं जेवण झालं, ताटं उचलली. फोन काही वाजला नाही.