आंबायच्या आत काठमांडू

पहाटे धानोऱ्याहून जीप निघाली तेव्हा दादाच्या मांडीवर पितळी डबा होता, आणि त्या डब्यावर ममताचं लग्न ठरायचं होतं.

दादा माझा थोरला भाऊ. धान पिकवतो आणि हट्टही. ममता त्याची एकुलती एक लेक, काठमांडूला नर्स. तिथल्याच बिष्णूशी तिला लग्न करायचं होतं. दादाला मुलगा पसंत होता, अंतर नव्हतं. मुलगी देताना आमच्या घरात एक नेम पाळतात. सकाळी माहेरच्या चुलीवर शिजलेलं अन्न आंबायच्या आत तिच्या सासरी पोचलं पाहिजे. मला चंद्रपूरला दिली तेव्हा बाबा वांग्याची भाजी घेऊन एसटीने आले होते.

"दिल्लीहून आठशे किलोमीटर हाय. विमानाले पावणेदोन तास," मी चारदा सांगून पाहिलं.

"तुह्या मोबाइलचं मले नको सांगू. डबा सांगन," दादा म्हणाला.

मार्चचं ऊन चढू लागलं होतं. रस्त्याकडेला बाया मोहफुलं वेचत होत्या आणि सगळ्या रानाला गोड वास सुटला होता. गडचिरोलीच्या अलीकडे टायर बसला. ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "स्टेपनीतई हवा नाई, बाई." तो टायर घेऊन कुणाच्या तरी मोटरसायकलवर गेला. दादाने पंचा ओला करून डब्याला गुंडाळला आणि झाडाखाली राखण करत बसला.

"काय हाय जी त्यात?" मोह वेचणाऱ्या एका म्हातारीनं विचारलं.

"पोरीचं लग्न," दादा म्हणाला. म्हातारीनं आपल्या गाडग्यातलं गार पाणी पंच्यावर ओतलं.

नागपूरचं विमान जेमतेम गाठलं. दिल्लीत तपासणीच्या बाईंनी डबा उघडला आणि नाक मुरडलं. "खट्टी बास आ रही है." दादाने झाकण लावलं आणि पुढे चालू लागला.

पुढच्या विमानात खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसले. मी हरखून गेले. दादा ते नीट पाहतो न पाहतो तोच उतरायची सूचना झाली. "इतक्यात?" तो म्हणाला. तेवढ्या वेळात आमचा टायरसुद्धा परत आला नव्हता.

संध्याकाळी बिष्णूच्या घरी, ममतासमोर डबा उघडला. दादाने वास घेतला, घास घेतला. "आंबट लागते." ममताचे डोळे भरून आले. मी डब्यात डोकावले आणि मला हसू फुटलं. वहिनीनं वाळवलेल्या अंबाडीची भाजी दिली होती, जी चुलीवरून उतरतानाच आंबट असते. "दादा, हे आंबलं का नाई, कसं सांगशीन?" दादाने दुसरा घास घेतला, मग डबा बिष्णूपुढे सरकवला. बिष्णूने बोटं चाटून तळ गाठला, आणि लग्न ठरलं.

निघताना बिष्णूच्या आईने गुंद्रुक (आंबवून वाळवलेला पाला) बांधून दिला. धानोऱ्याला वहिनीनं पुडी हुंगली. "हे तं आंबलं हाय जी."

"आंबूनच निघालं होतं. तुह्या अंबाडीवानी," दादा म्हणाला. वहिनीनं पदर तोंडाला लावला. "मले तं इथीच अंबाडीचा वास आलता," दादा पुढे म्हणाला.

मी चिडलेच. "मंग रस्ताभर पंचा काऊन ओला करत होता?"

दादा पुडीची गाठ पुन्हा बांधत राहिला. "पोरीले एवढ्या लांब देऊन राह्यलो होतो, बाई. हाताले काई तं काम पायजे ना."