नानांची आकडी आणि शेजारचे ट्यूलिप

हसणार नसाल तर सांगते. जाऊ दे, तुम्ही हसणारच! पण त्या दिवशी माझी जी गाळण उडाली होती ना, ती मी अजून विसरलेले नाही.

दोन हजार चारचा एप्रिल. न्यू जर्सीत, आपल्या देशी दुकानांच्या आयसेलिनपासून दहा मिनिटांवर, आम्ही पहिलंवहिलं घर घेतलेलं. ग्रीन कार्डची फाइल मात्र सरकारदरबारी अडकलेली. त्या काळात आमची काय अवस्था असायची, विचारू नका! रस्त्यावर मागून पोलिसाची गाडी आली तरी मला वाटायचं, झालं, आता सामानासकट विमानात बसवणार. माझा नवरा मिलिंद सोमवार ते गुरुवार शिकागोला क्लायंटकडे. घरी मी, आणि सहा महिन्यांसाठी सांगलीहून आलेले माझे सासरे, नाना.

नाना रिटायर्ड हेडमास्तर. माणूस अगदी सज्जन, पण एक खोड. सांगलीत सकाळी फिरायला निघायचे ते एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात उंच फांद्या ओढायची आकडी घेऊनच. कॉलनीतल्या यच्चयावत कंपाउंडांतली जास्वंद, तगर, अनंत, सगळं आमच्या देवघरात! कुणी हटकलंच तर म्हणायचे, "देवाची फुलं देवाला चालली, तुमचं काय गेलं?" आपल्याकडे याला चोरी थोडीच म्हणतात? फार तर खिडकीतून कुणीतरी खाकरतं.

पण अमेरिकेत? मी त्यांना आल्या आल्या बजावलं होतं, "नाना, इथे दुसऱ्याच्या लॉनवर पायसुद्धा ठेवायचा नाही हं."

"बरं, सूनबाई," म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी ड्रायक्लीनरच्या तारेच्या हँगरची सुबक आकडी करून दारामागे अडकवली. "असू दे हाताशी," म्हणे!

आमची शेजारीण डोरथी. सत्तरीची, एकटी, आणि सगळा जीव ट्यूलिपमध्ये. शंभर तरी असतील, लाल, पिवळे, शेंदरी, इतके झगझगीत की जाणाऱ्या गाड्या हळू व्हायच्या. तिचं बघून मीही ऑक्टोबरात कंद आणले होते. पुस्तक उघडून, फूटपट्टीने मोजून, समोरच्या वाफ्यात सहा इंच खोल पुरले. खारींनी एकूण एक उकरून खाल्ले! पिशवीत उरलेले कंद मऊ पडले होते. ते चिडून गॅरेजच्या मागे फेकले आणि बागकामाला रामराम ठोकला.

तर तो मंगळवार. मी घरूनच काम करत होते. आंघोळ करून देवाला नमस्कार करायला गेले, तर किचनच्या कपाटातलं आमचं देवघर लालभडक! ट्यूलिपच ट्यूलिप! गणपती पार बुडालेला, बाळकृष्णाचा नुसता लोण्याचा हात बाहेर.

मला काही उमगायच्या आत बाहेरून डोरथीची किंकाळी आली. खिडकीतून बघते तर काय! शंभर ट्यूलिपच्या जागी शंभर देठ. फूल एकही नाही. मधोमध डोरथी, गाउनवर, दोन्ही हात गालांवर. शनिवारी तिच्या गार्डन क्लबच्या बायका बाग बघायला येणार होत्या हो! महिनाभर दुसरं काही बोलत नव्हती बिचारी.

मागे वळून बघितलं तर बाळकृष्ण हात पुढे करून बसलेला. मी तर म्हणेन, तोही घाबरला होता.

नाना सोफ्यावर पेपर वाचत होते. आता तुम्हीच सांगा, सासऱ्यांना कसं विचारायचं, 'तुम्ही चोरी केलीत का' म्हणून? मी आडून आडून सुरुवात केली.

"नाना, फुलं छान आहेत हं आज."

"आहेतच मुळी!"

"लांबून आणलीत का?"

"छे गं, इथलीच. इतकी सुरेख फुललीत आणि कुणाचं लक्ष नाही. म्हटलं, देवाच्या पायावर तरी पडतील."

मी हळूच विचारलं, "कुणी... कुणी पाहिलं नाही ना तुम्हाला?"

"कोण पाहणार? एक खार होती."

संपलं! मी बाथरूममध्ये जाऊन दाराला कडी लावली आणि मिलिंदला फोन लावला.

"मिलिंद, नानांनी डोरथीची बाग कापली!"

"व्हॉट? अगं, मी मीटिंगमध्ये आहे."

"शंभर ट्यूलिप! सगळे देवाला वाहिले!"

"यार, आपल्या देवघरात शंभर ट्यूलिप मावतात तरी का?"

"तू वाद घालू नकोस! ग्रीन कार्ड गेलं आपलं!"

"हे बघ, पॅनिक होऊ नकोस. कुणाशी काही बोलू नकोस. मी थर्सडेला आलो की हँडल करतो."

गुरुवारी! मी बाहेर येते तर डोरथीच्या दारात पोलिसाची गाडी. डोळ्यांसमोर नाना कोर्टात उभे, धोतरात, आणि दुभाषा म्हणून मी.

पुरावा नष्ट करायला हवा होता. पण फुलं कचऱ्यात कशी टाकणार? निर्माल्य ना ते! मग सुचलं, डिशवॉशर. इथल्या आपल्या देशी घरांत तो भांडी धुवायला थोडाच असतो, त्यात कढया ठेवतात. त्या कढयांमध्ये देवाची फुलं कोंबली, वर आकडी कोंबली, दार लावलं. गुडघ्याएवढ्या फुलाला आकडी कशाला लागेल, एवढा साधा विचार तरी शिवावा की नाही डोक्याला? नाही शिवला!

आणि बेल वाजली.

दारात सहा फुटी पोलीस. हसतमुख होता, पण मला फक्त त्याच्या कमरेचं पिस्तूल दिसत होतं. "गुड मॉर्निंग, मॅम. शेजारच्या ट्यूलिपबद्दल जरा विचारायचं होतं."

बस्स! एवढंच म्हणाला तो. आणि माझ्या तोंडून धबधबा सुरू झाला. इंग्रजीत, एका श्वासात. "ऑफिसर, ते माझ्या सासऱ्यांनी केलंय! पण ते वाईट नाहीत हो! आमच्याकडे ही रीत आहे! सांगलीत चाळीस वर्षं ते रोज लोकांची फुलं तोडतायत आणि एकदाही पकडले गेले नाहीत! देवासाठी तोडतात! प्लीज, त्यांना नेऊ नका, त्यांना बीपी आहे!"

पोलीस माझ्याकडे बघतच राहिला. मग शांतपणे म्हणाला, "मॅम, तुमच्या सासऱ्यांना खूर आहेत का?"

"अं?"

"हरणं होती ती. मातीत सगळीकडे खुरांचे ठसे आहेत. तुमच्या आवारातही शिरली होती का, एवढंच विचारायला आलोय."

इतक्यात माझ्या पाठीमागून खाकरल्याचा आवाज आला. सांगलीतल्या खिडकीतून यायचा तसाच! नाना मागच्या दाराशी उभे. हातात दोन ताजे लाल ट्यूलिप.

"सूनबाई, देवापुढची फुलं कुठे गेली? आणि माझी आकडी? गॅरेजच्या पन्हळीतली पानं काढायची होती."

"नाना, ही फुलं..."

"तुझीच की! गॅरेजच्या मागे तू लावलीस ना? मी रोज तांदळाचं धुवण घालतोय त्यांना. मिलिंदला सांगणार होतो, तुझ्या बायकोच्या हाताला गुण आहे म्हणून."

आम्ही तिघं मागे गेलो. मी ऑक्टोबरनंतर त्या कोपऱ्यात फिरकलेच नव्हते. उंच कुंपणाच्या आत, हरणांना वाटच नाही अशा जागी, मी चिडून फेकलेले कंद वेडेवाकडे उगवून लालजर्द फुलले होते. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. सासऱ्यांना चोर ठरवलं मी, तेही वर्दीतल्या माणसासमोर!

पोलीस गेल्यावर नाना माझ्याकडे वळले. एकतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलेला माणूस तो, शब्द न् शब्द ऐकला होता. मी रडायच्या बेतात.

"इंग्रजी चांगलं आहे तुझं," ते म्हणाले. "फक्त चाळीस नाही, छत्तीस वर्षं. सरकारी माणसाला माहिती बरोबर द्यावी."

शनिवारी डोरथीच्या क्लबच्या बायका आल्या, त्या आमच्या गॅरेजमागे! ती युक्ती नानांचीच. डोरथी त्यांचा हात सोडत नव्हती. एका बाईने फुलांवर वाकून विचारलं, "हे सुंदर ट्यूलिप लावले कुणी?"

नानांनी खड्या हेडमास्तरी इंग्रजीत माझी ओळख करून दिली.

"ही माझी सून. सगळे तिनेच लावलेत. पण फुलाला हात लावू नका हं. घरचा माणूस असला तरी ती पोलिसांना सांगते!"